राहिलंय की ठेवलंय?

कलमसाहेबांचा धंदा काय, असं कुणी विचारलं तर एका ओळीत सांगता आलं असतं. नातं नाही, हे ते लिहून द्यायचे.

वकिलीची सनद होती, पण कोर्टाची पायरी त्यांनी तीस वर्षांत चढली नव्हती. भिंती रंगवणारे, फरशी बसवणारे, दारोदार पार्सलं पोचवणारे, घरी बसून कपडे शिवून देणारे, अशा माणसांना जे धंदेवाले काम देतात पण नोकरीवर ठेवत नाहीत, त्यांचे करार साहेब लिहायचे. असा माणूस कागदावर ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असतो. त्याची वेळ त्याची, हत्यारं त्याची. तो दुसऱ्या कुणाचंही काम घेऊ शकतो, आणि स्वतःला जमलं नाही तर बदली माणूस पाठवू शकतो. हे सगळं नीट लिहून झालं की यायचं कलम अकरा. ‘या करारामुळे उभय पक्षांत मालक-नोकर, भागीदारी, प्रतिनिधित्व अथवा अन्य कोणत्याही प्रकारचे नाते निर्माण होत नाही व होणार नाही.’ त्यातलं ‘व होणार नाही’ खास त्यांचं. बाकीचे वकील ‘होत नाही’वर थांबायचे, साहेब पुढचीही सोय करून ठेवायचे. त्यावरूनच बाजारात त्यांना कलमसाहेब हे नाव पडलं, आणि ते ते कौतुकच समजत.

ऑफिस दोन खोल्यांचं, जिना चढून डाव्या हाताला. बाहेरच्या खोलीत फायलींची कपाटं, आतल्या खोलीत एक टेबल, साहेबांची खुर्ची आणि समोर एक लाकडी स्टूल. स्टुलावर वाचकबाई बसायच्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, एकोणीस वर्षं.

वाचकबाईंचं काम काय, ते सांगायला हवं, कारण असलं काम हल्ली फारसं कुणी करत नाही. कोराकरकरीत करार कुठलाच वकील लिहीत नाही. मागचा करार पुढ्यात घ्यायचा, नाव, काम, तारीख बदलायची, की झाला नवा. आणि घोडं तिथंच पेंड खातं. जुन्यातलं काहीतरी नव्यात चिकटून राहतं. पार्सलवाल्याच्या करारात शिवणकामाच्या सुया निघतात, रंगाऱ्याला चक्क रात्री आठनंतर भोंगा न वाजवण्याचं बंधन पडतं. लिहिणाऱ्याला ते दिसत नाही. आपली पाठ आपल्याला कधी दिसलीय? म्हणून बाई नवा मसुदा मोठ्यानं वाचायच्या, आणि साहेब जुन्या करारावर पट्टी सरकवत बसायचे. वाचायचं ते सगळं वाचायचं, चिन्हांसकट. ‘कंत्राटदार, स्वल्पविराम, त्याचे वारस, स्वल्पविराम, अथवा त्याने नेमलेला बदली माणूस.’ बाईंचा आवाज सपाट, ना उंच ना खाली, नळाच्या बारीक धारेसारखा. स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम, कंस सुरू, कंस बंद. प्रश्नचिन्ह तेवढं कधी आलं नाही. करारात कुणी कुणाला काही विचारत नाही.

शंकेची जागा आली की बाई पेन्सिलीनं टेबलावर दोनदा टकटक करायच्या आणि विचारायच्या, “राहिलंय की ठेवलंय?”

म्हणजे हे चुकून राहून गेलंय, की मुद्दाम ठेवलंय. साहेब बहुतेक वेळा म्हणायचे, “ठेवलंय.” बाई बारीकशी खूण करून पुढे जायच्या. ‘राहिलंय’ म्हणायची पाळी एकोणीस वर्षांत तीनदा आली, आणि तिन्ही वेळा साहेब दुपारचं जेवले नव्हते. एवढा त्या माणसाचा ताठा.

आता खरी गंमत. ही जी बाई आठवड्यातून तीन दिवस समोर बसायची, तिचाही करार साहेबांनी केलेला होता. चौदा कलमी. साहेबांच्या तरुणपणी एका अशिलाला ठेच लागली होती. त्याच्याकडे फरशी बसवणारा होता. अशिलानं त्याला गणवेश दिला, उशिरा आला म्हणून चारचौघांत झापलं, आणि त्यावरूनच कोर्टात तो नोकर ठरला. दुधानं तोंड पोळलं म्हणून साहेब जन्मभर ताक फुंकून प्यायले, आणि तेही दुसऱ्याच्या दुधानं.

तर बाई स्वतंत्र कंत्राटदार होत्या. म्हणून साधनं त्यांची त्यांची. पेन्सिल, चष्मा, पट्टी आणि कपसुद्धा. निळ्या काठाचा एक कप रुमालात गुंडाळून त्या पिशवीतून आणायच्या, चहा झाला की विसळून, पुसून, परत रुमालात. ऑफिसात कप ठेवला असता तर ते ऑफिसनं साधन पुरवल्यासारखं दिसलं असतं. वेळेचंही तेच. ठरावीक वेळ म्हणजे नोकरी. पहिल्या आठवड्यात बाई रोज ठोक अकराला आल्या, तेव्हा साहेब म्हणाले होते, “बाई, जरा मागंपुढं येत जा.” तेव्हापासून बाई कधी अकराला पाच कमी असताना यायच्या, कधी अकरा वाजून सात मिनिटांनी, आणि ज्या दिवशी लवकर पोचायच्या त्या दिवशी जिन्यात उभ्या राहायच्या. साहेबांना ते ऐकू यायचं. जिन्यातल्या तिसऱ्या पायरीचा आवाज झाला की बाई आल्या, आणि नंतरची सहा-सात मिनिटं दोघंही दाराच्या दोन बाजूंना गप्प. शहाणपणाला काही मर्यादा असावी की नाही?

एकदा बाईंची पाठ धरली. साहेबांनी पाहिलं, त्या वाचता वाचता सारख्या बसणं बदलत होत्या. दुसऱ्या दिवशी ते बाजारात जाऊन पाठीची, हात असलेली चांगली खुर्ची घेऊन आले. आणि ठेवली कुठं, तर बाहेरच्या खोलीत. का, तर बाईंना दिली असती तर साधनांचं कलम नऊ मोडलं असतं. खुर्ची ‘येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी’ म्हणून तिथंच राहिली. बाईंनी ती पाहिली, किमतीची चिठ्ठी अजून पायाला लटकत होती तीही पाहिली, आणि स्टुलावर जाऊन बसल्या. बदली माणसाचं कलमही एकदा खरंच वापरलं गेलं. बाईंना ताप आला, तेव्हा त्यांनी नियमाप्रमाणे शेजारच्या निवृत्त शिक्षिका पाठवल्या. त्यांनी वाचण्याऐवजी तपासायलाच सुरुवात केली. “एवढं लांबलचक वाक्य? दम लागतो हो माणसाला,” म्हणाल्या. साहेब तीन दिवस तोंडात मूग गिळून बसले. चौथ्या दिवशी तिसऱ्या पायरीचा आवाज झाला आणि त्यांना केवढं बरं वाटलं. बाई आत आल्या, वाळलेल्या दिसत होत्या. साहेब म्हणाले, “कागद थांबलेत.”

एवढंच म्हणाले. त्यांच्या मनात होतं ते दुसरंच होतं, पण त्याचं कलम नव्हतं.

साहेबांना घरचं असं कुणी नव्हतं. लग्नाचं बघू, बघू म्हणता बघायचं राहून गेलं. थोरली बहीण होती, ती दर रविवारी फोन करायची, आणि दहा मिनिटांत “बरं, ठेवते” म्हणायची. बाकी सोमवारपासून रविवारपर्यंत साहेबांशी जे काही बोललं जायचं ते अशील बोलायचे, नाहीतर बाई वाचायच्या. मंगळवारी आणि गुरुवारी कधी कधी संध्याकाळपर्यंत त्यांचा स्वतःचा आवाजही त्यांनी ऐकलेला नसायचा. त्या दिवशी ते रस्त्यावरून जाताना फळवाल्याला उगाच भाव विचारायचे आणि काही न घेता पुढे जायचे.

अशात एका सोमवारी बाईंनी वाचन संपल्यावर पिशवीतून एक कागद काढला आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. ‘कलम बारा अन्वये मी हा करार आजपासून तीस दिवसांनी संपुष्टात आणीत आहे.’ खाली सही. साहेबांनी तो दोनदा वाचला. चूक एकही नव्हती. कलम बारा त्यांचंच होतं. कुठलाही पक्ष, तीस दिवसांची सूचना देऊन, कोणतेही कारण न देता. ‘कोणतेही कारण न देता’ हे शब्द त्यांनी एके काळी मोठ्या प्रेमानं घातले होते.

“सूचना मिळाली,” ते म्हणाले, आणि पोच म्हणून सही केली.

बाई जरा वेळ तशाच बसून राहिल्या. मग कप विसळायला उठल्या.

रविवारी बहिणीचा फोन आला तेव्हा साहेब म्हणाले, “वाचकबाई सोडून चालल्यात.”

“का रे?”

“ते सांगायचं बंधन नाही त्यांच्यावर.”

“अरे, मग थांबा म्हण की.”

“कोणत्या कलमाखाली?”

ताईनं त्या दिवशी “बरं, ठेवते” न म्हणताच फोन ठेवला.

तीस दिवसांत वाचनाचे तेरा दिवस. साहेबांनी कॅलेंडरवर मोजले. रोज सकाळी ते ठरवून यायचे की आज विचारायचं, आणि रोज बाई पहिलं पान उघडायच्या आणि साहेब पट्टी हातात घ्यायचे. बारा दिवस असे गेले. माणूस लोकांच्या धंद्यातल्या सतराशे साठ शक्यता आधी ओळखून कागदावर बांधून ठेवायचा, आणि समोरच्या बाईला दोन शब्द विचारणं त्याला जमत नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

तेराव्या दिवसाच्या आधीच्या मंगळवारी त्यांनी दार लावून घेतलं आणि एक कागद लिहायला बसले. आयुष्यातलं पहिलं नियुक्तीपत्र. बोलता येत नाही तर लिहून द्यावं, आणि बाईंनीच ते वाचावं, अशी युक्ती. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय शेवटपर्यंत सुटली नाही. सवयीनं त्यांनी बाईंचाच जुना करार पुढ्यात घेतला आणि एकेक कलम बदलत गेले. ‘कंत्राटदार’ काढून ‘कर्मचारी’ घातलं. वेळ घातली, ठोक अकरा. कलम नऊपाशी बराच वेळ थांबले, मग लिहिलं, आणि लिहून झाल्यावर त्यांचे कान तापले. कलम बारा तर पुरतं खोडून नवं लिहिलं. संध्याकाळी छापून काढलं आणि तीनदा वाचलं. कुणी समोर बसून ताडून पाहायला नव्हतं, पण आज त्यांना स्वतःवर भरवसा होता.

बुधवारी बाई अकराला तीन मिनिटं कमी असताना आल्या. टेबलावर तीन मसुदे ठेवले होते, रंगाऱ्याचा, पार्सलवाल्याचा, आणि सगळ्यांत खाली तो. पहिले दोन नेहमीसारखे झाले. तिसरा बाईंनी उचलला, आणि साहेबांनी जुना कागद घेऊन त्यावर पट्टी ठेवली.

“नियुक्तीपत्र,” बाईंनी वाचलं. पुढं त्यांचं स्वतःचं नाव होतं. ते त्यांनी दुसऱ्या कुणाचं वाचावं तसं वाचलं. “वाचक या पदावर, स्वल्पविराम, कायमस्वरूपी, पूर्णविराम.” त्यांनी मान वर केली नाही. आवाज सपाटच. पण साहेब एकोणीस वर्षं तो आवाज ऐकत होते, आणि आज बाई नेहमीपेक्षा सावकाश वाचत होत्या.

“कलम नऊ. कर्मचाऱ्यास बसण्यासाठी पाठ असलेली खुर्ची, स्वल्पविराम, चहासाठी एक कप, स्वल्पविराम, व तो कप ठेवण्यास कपाटात जागा, स्वल्पविराम, हे सर्व कार्यालय देईल, पूर्णविराम.”

इथं बाई थांबल्या. चष्मा काढून पदरानं पुसला आणि परत लावला.

“कलम दहा,” त्यांनी वाचलं. मग, “कलम अकरा. या करारामुळे उभय पक्षांत मालक-नोकर, स्वल्पविराम, भागीदारी, स्वल्पविराम, प्रतिनिधित्व अथवा अन्य कोणत्याही प्रकारचे नाते निर्माण होत नाही व होणार नाही, पूर्णविराम.”

साहेबांच्या पट्टीखाली तेच वाक्य होतं, अक्षर न् अक्षर. ते बदलायचं राहून गेलं होतं. तीस वर्षांत हजारदा लिहिलेलं ते वाक्य काल त्यांच्या डोळ्यांना दिसलंच नव्हतं, दाराच्या उंबऱ्यासारखं ते पायाखालचं झालं होतं.

टकटक.

“राहिलंय,” बाई म्हणाल्या, आणि आता त्यांनी मान वर केली, “की ठेवलंय?”

एक शब्द. ‘राहिलंय’ म्हटलं असतं तर पुढं बाईंनी विचारलं असतं, मग काढायचं? आणि त्यावर ‘हो’ म्हणावं लागलं असतं, मोठ्यानं, समोर बघून. नातं आहे, असं. साहेबांच्या मनात तो शब्द तयार होता. ओठांपर्यंत आला होता. पण तोंडाला जे वळण लागलेलं असतं तेच शेवटी बाहेर पडतं.

“ठेवलंय,” ते म्हणाले.

बाईंनी बारीकशी खूण केली आणि पुढं वाचलं. “कलम बारा. कर्मचाऱ्याने काम सोडू नये अशी कार्यालयाची इच्छा आहे, पूर्णविराम.” तेरा वाचलं, चौदा वाचलं. शेवटी प्रत्येक मसुद्यावर लिहायच्या तसं ‘ताडून पाहिले’ लिहून तारीख घातली, कागद सरळ करून साहेबांच्या बाजूला सरकवला. मग कप विसळला, पुसला, रुमालात गुंडाळला. पेन्सिल, पट्टी, चष्म्याचं घर पिशवीत गेलं. ऑफिसात त्यांचं काही मागं राहण्यासारखं नव्हतंच, तशी व्यवस्थाच होती.

दारापाशी जाऊन त्या वळल्या.

“साहेब, तुम्ही कारण नाही विचारलंत.”

“कारण देण्याचं बंधन नव्हतं तुमच्यावर.”

“नव्हतं ना. पण विचारायची बंदी पण नव्हती हो तुम्हाला.” त्या रागावल्या नव्हत्या. “विचारलं असतंत तर मी थांबले असते की नाही, ते माझं मलाही नाही सांगता येणार. पण महिनाभर रोज येताना वाटायचं, आज विचारतील.”

साहेब उभे राहिले होते. विचारायला तो क्षणही चालला असता. बाईंनी चपला घातल्या, एक घातली, मग दुसरी, चांगल्या सावकाश. मग तिसऱ्या पायरीचा आवाज झाला, आणि नंतरच्या पायऱ्यांना आवाज नव्हता.

त्यानंतर साहेब एकटेच वाचू लागले. नवा मसुदा उजव्या हाताला, जुना डाव्या. स्वतःच वाचायचं आणि स्वतःच पट्टी सरकवायची. दुसऱ्याच आठवड्यात पार्सलवाल्यांचा मालक फोनवर हसत होता. “साहेब, आमच्या पोरांनी शिडी आणि चार इंची ब्रश कुठून आणायचा?” साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. नवा वाचक ठेवा, असं लोक म्हणाले. ते हो-हो म्हणत राहिले. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी अकराच्या सुमाराला ते हातातलं काम थांबवून नुसते बसायचे, आणि अकरा दहा झाले की परत सुरू करायचे. मंगळवार आणि सोमवार यांत आता फरक उरला नव्हता. सगळेच वार मंगळवार झाले होते. आठवण येत होती. दुसऱ्या कुठल्याही शब्दानं ते सांगता येत नाही.

बाहेरच्या खोलीतली खुर्ची त्यांनी एके दिवशी आत आणली, स्टुलाच्या जागी ठेवून पाहिली, आणि परत नेऊन ठेवली.

मग एक दिवस टपालात पाकीट आलं. अक्षर ओळखीचं. आत एकच कागद. ‘कलम चौदा अन्वये माझ्या पत्त्यातील बदल सात दिवसांच्या आत कळवीत आहे. यापुढील पत्रव्यवहार खालील पत्त्यावर करावा.’ खाली दुसऱ्या गावाचा पत्ता, बाईंच्या थोरल्या बहिणीच्या घरचा. या बहिणीबद्दल साहेबांना एवढंच माहीत होतं की ती आहे.

साहेबांनी कागद वाचला आणि त्यांच्यातला वकील आधी जागा झाला. करार संपून एक महिना उलटला होता. करार संपला तेव्हा त्याच्याबरोबर कलम चौदाही संपलं. पत्ता कळवायचं बंधन बाईंवर आता कुठलंच नव्हतं. एकोणीस वर्षं ज्यांनी दुसऱ्याच्या कागदात एक सुईसुद्धा राहू दिली नाही, त्यांना हे कळत नव्हतं असं कसं म्हणावं?

राहिलंय की ठेवलंय, त्यांनी स्वतःला विचारलं. उत्तर द्यायला त्यांना या वेळी फार वेळ लागला नाही.

त्यांनी कोरा कागद घेतला. सवयीनं हात कपाटाकडे गेला, पुढ्यात घ्यायला जुना काहीतरी हवा म्हणून. सगळ्या फायली डोळ्यांसमोरून गेल्या. रंगारी, शिवणवाल्या, पार्सलवाले. असला एक कागद त्यात नव्हता. हात मागं घेऊन ते खाली बसले आणि दुपारभर बसून एकच ओळ लिहिली. मग ती ताडून पाहायला हवी म्हणून, समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत, सावकाश, चिन्हांसकट मोठ्यानं वाचली.

“बाई, स्वल्पविराम, तुम्ही का गेलात, प्रश्नचिन्ह.”

दुसऱ्यांदा वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि पाकिटावर नवा पत्ता लिहायला घेतला.